पट्टी कोणाची?

नाताळाच्या आधीच्या आठवड्यात आमचा कोपरगावला मुक्काम होता. उसाच्या गाळपाचा हंगाम ऐन भरात होता. रस्त्याने उसाच्या गाड्या चालल्या होत्या, संध्याकाळी गारठा पडत होता आणि हवा कोरडी होती. ज्या स्नेह्यांकडे आम्ही उतरलो होतो त्यांच्या शेजारच्या अंगणात रोज संध्याकाळी दहा-बारा मुलांना नाताळगीते शिकवण्याचे काम चाले. घरोघर जाऊन गाणाऱ्या कॅरल पार्टीची ही तयारी. शिकवणारा पंचविशीतला तरुण होता. मुले त्याला दादा म्हणत. त्याच्याजवळ एक कीबोर्ड होता, ज्याला गावात सर्रास कॅसिओ म्हणतात. मोबाइलवर उतरवून घेतलेला गाण्याचा तयार ट्रॅक होता आणि तो वाजवण्यासाठी एक भला मोठा स्पीकर होता. कष्ट घेण्यात आणि मुलांवर माया करण्यात हा दादा कोठेच कमी नव्हता, हे आधीच सांगितले पाहिजे. पुढे आम्ही जी टीका करणार आहोत ती त्याच्यावर नाही, गाणे शिकवण्याच्या एका रूढ पद्धतीवर आहे.

गीत मराठी होते, चाल 'सायलेंट नाइट'ची होती. पहिल्या ओळी बऱ्या जात. पुढे चाल उंच चढू लागली की मुलांच्या माना वर होत, गळ्याच्या शिरा ताणल्या जात आणि गाण्याचे ओरडणे होई. "पोटातून गा! आवाज वर खेचा!" असे दादा सांगे आणि मुले आणखी जोराने ओरडत. सहावीतली एक मुलगी त्या जागी येताच गप्प होई, नाहीतर एकदम खालच्या सुरात घसरे. तिसऱ्या वेळी दादा तिला म्हणाला, "तू मागं उभी राहा. नुसते ओठ हलव."

हे वाक्य आमच्या वाचकांपैकी अनेकांनी ऐकले असेल, काहींनी उच्चारलेही असेल. शाळेच्या प्रार्थनेत, स्वातंत्र्यदिनाच्या समूहगीतात, स्नेहसंमेलनात कितीतरी मुलांना आपल्याला 'आवाज नाही' हे अशाच रीतीने कळते आणि त्यांतली काही पुढे कधीच गात नाहीत. तेव्हा हा प्रश्न केवळ ख्रिस्ती उपासनेचा किंवा नाताळाचा नाही. त्या संध्याकाळी आम्ही दादाला एवढेच विचारले, "ही पट्टी कोणी ठरवली?" तो म्हणाला, "सर, ट्रॅकच तसा आहे ना."

सगळा घोटाळा या उत्तरात आहे, असे आमचे म्हणणे आहे. सदऱ्याच्या बाह्या लांब झाल्या तर शिंपी बाह्या आखूड करतो. मुलाचे हात ओढून लांब करत नाही. गाणे शिकवताना मात्र आपण गाणे तसेच ठेवतो आणि मुलाचा गळा ओढतो.

गळ्याचे माप

आवाज निर्माण होतो तो स्वरयंत्रात. तेथे स्वरतंतूंची एक जोडी असते. 'तंतू' हे नाव जरा फसवे आहे. ते सतारीच्या तारेसारखे नसून ओठांसारख्या दोन मऊ, थरांच्या घड्या आहेत. फुफ्फुसातून वर येणाऱ्या हवेमुळे त्या उघडतात आणि मिटतात. ही उघडझाप सेकंदाला जितक्या वेळा होते तितकी त्या स्वराची कंप्रता. पुरुषाच्या स्वरतंतूंचा कंप पावणारा भाग सुमारे दीड सेंटिमीटर लांब असतो, स्त्रीचा सुमारे एक सेंटिमीटर आणि लहान मुलांचा त्याहून कमी. म्हणून साध्या बोलण्यात पुरुषाच्या आवाजाची कंप्रता १०० ते १२५ हर्ट्झ, स्त्रीची २०० हर्ट्झच्या आसपास आणि दहा-बारा वर्षांच्या मुलाची २५० हर्ट्झच्या आसपास असते. यावरून मुलांना कितीही उंच गाता येते असा मात्र समज करून घेऊ नये. त्यांचा आवाज मुळात उंच असतो, पण गाण्याचे शिक्षण नसेल तर त्याची व्याप्ती लहान असते. शिवाय स्वरतंतूंच्या थरांची घडण किशोरवयाच्या अखेरीपर्यंत चालू असते. म्हणजे ज्या वाद्यावर आपण जोर करतो ते वाद्य अजून बनतेच आहे.

शिक्षण न घेतलेला दहा-बारा वर्षांच्या मुलांचा समूह खालच्या सप्तकातल्या पांढरी सहापासून (२२० हर्ट्झ) वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनपर्यंत (५८७ हर्ट्झ) बेताच्या ताणाने गाऊ शकतो, असा समूहगान शिकवणाऱ्यांचा सर्वसाधारण अनुभव आहे. हे झाले गळ्याचे माप. आता गाण्याचे माप पाहू.

'सायलेंट नाइट'ची चाल १८१८ साली ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ या गावातल्या चर्चसाठी फ्रान्झ ग्रुबर यांनी बांधली. ग्रुबर व्यवसायाने शाळामास्तर होते, ही गोष्ट आमच्या वाचकांना आवडेल. मूळ रचना दोन एकट्या आवाजांसाठी, गिटारच्या साथीवर होती. समूहाने फक्त कडव्याचा शेवट उचलून धरायचा होता. आज ही चाल जशी म्हणतात तशी मांडली तर तिचा सर्वांत खालचा स्वर मध्य षड्ज आणि सर्वांत वरचा स्वर तार सप्तकातला मध्यम. म्हणजे एक पूर्ण सप्तक आणि वर आणखी चार स्वर. त्यातही हे दोन्ही टोकाचे स्वर शेवटच्या दोन ओळींत लागोपाठ येतात. ऐकायला अंगाईसारखे वाटणारे हे गीत गळ्याला मुळीच सोपे नाही.

अंगणातला ट्रॅक पांढरी दोनचा होता, म्हणजे षड्ज २९४ हर्ट्झ. मग तार मध्यम होतो ७८४ हर्ट्झ. वर दिलेल्या मापाशी ताडून पाहा. मुलांची सुखाची सीमा ५८७, आणि मागणी ७८४! आता षड्ज पाच पट्ट्या (काळ्या-पांढऱ्या मिळून) खाली आणला तर तो २२० हर्ट्झवर येतो आणि तार मध्यम बरोबर ५८७ वर. गाणे गळ्यात काठोकाठ बसते, पण बसते. सहा-सात वर्षांच्या मुलांच्या गळ्यात ते कोणत्याही पट्टीत नीट बसणार नाही. त्यांच्यासाठी कमी व्याप्तीचे दुसरे गीत निवडणे हाच मार्ग.

आणखी एक हिशेब करण्यासारखा आहे. एका तासाच्या सरावात निम्मा वेळ प्रत्यक्ष गाणे झाले असे धरू. सरासरी कंप्रता ४४० हर्ट्झ असेल तर १८०० सेकंदांत स्वरतंतू एकमेकांवर ७,९२,००० वेळा आपटतात. पट्टी खाली घेतल्यावर सरासरी ३३० झाली तर हाच आकडा ५,९४,००० होतो. म्हणजे एका तासात जवळजवळ दोन लाख टकरी वाचल्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ओरडताना प्रत्येक टक्कर अधिक जोराची असते. अशा जोराच्या टकरी रोज होत राहिल्या तर स्वरतंतूंच्या कडेला सूज येते आणि पुढे बारीक गाठी येऊ शकतात. आवाज बसतो, घोगरा होतो. मुलांमधल्या अशा गाठी बहुधा विश्रांतीने आणि आवाज सांभाळून वापरण्याने कमी होतात. पण घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकला तर घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. त्याला 'थंडीचा घसा' म्हणून सोडून देऊ नये.

दादाला हा सगळा हिशेब आम्ही सांगितला नाही. कीबोर्डवर षड्ज बदलण्याचे बटण असते ते पाच वेळा खाली दाबायला सांगितले आणि ट्रॅक बंद करायला लावला. ती मुलगी गायली. चार ओळी तिने अगदी सुरात म्हटल्या, शेवटून दुसऱ्या ओळीत थोडी डळमळली आणि शेवटच्या ओळीत पुन्हा जागेवर आली. पाच मिनिटांपूर्वी तिला आवाज नव्हता!

जे घेतले आणि जे टाकून दिले

येथे कोणी म्हणेल, की पाश्चात्य चालीच आपल्या मुलांना मानवत नाहीत. हे आम्हांला मान्य नाही. पाश्चात्य उपासनागीतांच्या परंपरेत गळ्याच्या मापाचा विचार पुरेपूर होता. ही गीते बहुधा चार आवाजांसाठी लिहिलेली असतात: उंच स्त्रीस्वर, खालचा स्त्रीस्वर, उंच पुरुषस्वर आणि खर्जाचा पुरुषस्वर. प्रत्येकाची सुरावट वेगळी आणि प्रत्येकाच्या आवाक्यातली. ज्या बाईचा आवाज उंच जात नाही तिला तेथे 'ओठ हलव' असे सांगावे लागत नाही. तिच्यासाठी खालची सुरावट तयारच असते. आपल्याकडे चाल आली, परंतु ही चौपदरी मांडणी फार थोड्या ठिकाणी टिकली. बहुतेक जागी सगळी मंडळी वरची एकच सुरावट म्हणतात. म्हणजे उंच स्त्रीस्वरासाठी लिहिलेली ओळ आपण सरसकट सगळ्यांच्या गळ्यात घातली.

उलट आपल्या परंपरेने दुसरा उपाय काढला होता. आपल्याकडे षड्ज ठरलेला नसतो. पेटीवाला आधी विचारतो, "पट्टी कोणती?" काळी एक म्हटले तर काळी एक, पांढरी पाच म्हटले तर पांढरी पाच. गाणारा माणूस आधी आणि स्वर नंतर. भजनी मंडळात, कीर्तनात, शाळेच्या प्रार्थनेत हाच प्रघात होता. एक उपाय सुरावटी वाटून देण्याचा, दुसरा षड्ज हलवण्याचा, दोन्ही शहाणपणाचे. तयार ट्रॅकने दोन्ही घालवले. तेथे सुरावट एक आणि षड्जही ठरलेला.

अमेरिकेत १९७० च्या दशकापासून 'समकालीन ख्रिस्ती संगीत' या नावाने जो प्रकार वाढला त्याने ही अडचण आणखी वाढवली आहे. गिटार, ड्रम आणि ध्वनिक्षेपकाच्या साथीने गायली जाणारी ही गीते आता इंग्रजी, हिंदी आणि मराठीतही सर्वत्र ऐकू येतात. त्यांतली पुष्कळशी ध्वनिमुद्रणे उंच पट्टीत गाणाऱ्या एखाद्या तयारीच्या पुरुष गायकाची असतात. त्याचा वरचा स्वर ३९२ हर्ट्झचा असला तर स्त्रिया आणि मुले तेच गाणे एक सप्तक वर, ७८४ हर्ट्झपर्यंत नेतात. नाहीतर त्याच सप्तकात गाऊ पाहतात आणि मग खालचे स्वर हाती लागत नाहीत.

शिवाय मुले ज्या आवाजाची नक्कल करतात तो आवाज पुष्कळदा कोणाच्याच गळ्यातला नसतो. १९९७ साली 'ऑटो-ट्यून' नावाची संगणकप्रणाली बाजारात आली. ती गायकाचा चुकलेला स्वर आपोआप जागेवर आणते. गंमत म्हणजे तिचे जनक अँडी हिल्डेब्रँड हे मूळचे भूभौतिकीचे अभ्यासक. खनिज तेलाच्या शोधासाठी जमिनीतून परत येणाऱ्या लहरींचे विश्लेषण करण्याचे गणित त्यांनी आवाजाला लावले. अशा दुरुस्त केलेल्या, ध्वनिक्षेपकाने फुगवलेल्या आवाजाशी सहावीतल्या मुलीच्या आवाजाची तुलना करून तिला नापास ठरवणे हा न्याय नव्हे.

'पोटातून गा' म्हणजे काय?

आता शिकवण्याच्या भाषेकडे वळू. 'पोटातून गा', 'नाभीतून स्वर काढा', 'आवाज डोक्यात न्या', 'छातीतून फेका' अशी वाक्ये गाण्याच्या वर्गात सतत कानी पडतात. शास्त्रीय गायनाचा वर्ग असो, चर्चचे गायकवृंद असो वा शहरातले नवे 'व्होकल कोच' असोत, भाषा थोड्याफार फरकाने हीच. वैज्ञानिकाने या भाषेला हसावे असे आम्हांला वाटत नाही. गाणाऱ्याला स्वतःचे स्वरतंतू दिसत नाहीत आणि त्यांचे स्नायू त्याला बोटासारखे हलवताही येत नाहीत. तेव्हा गुरूला उपमेनेच बोलावे लागते. जिवंत माणसाच्या स्वरयंत्राकडे पाहण्याची सोपी युक्ती तरी कोणी काढली? मान्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने. १८५४ साली त्याने दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरून आणि सूर्यप्रकाश परावर्तित करून स्वतःचेच स्वरतंतू हलताना पाहिले आणि पुढल्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध सादर केला. घशाच्या तपासणीच्या शास्त्रावर गायनाच्या वर्गाचे हे ऋण आहे.

आमचा आक्षेप एवढाच, की सूचना म्हणून उपयोगी असलेले वाक्य स्पष्टीकरण म्हणून खरे असतेच असे नाही, आणि शिकवणारे हा फरक विसरतात. 'पोटातून गा' ऐकून मुलाने खांदे न उचलता खोल श्वास घेतला तर सूचना सफल झाली. पण आवाज खरोखरच पोटातून येतो असे समजून त्याने पोट आवळून हवा जोराने वर ढकलली तर तीच सूचना घातक ठरते. 'श्वासपटलाने आवाज ढकला' हे तर उघडच चुकीचे आहे. श्वासपटल हा श्वास आत घेण्याचा स्नायू आहे; आखडले की ते खाली जाते आणि हवा आत येते. उच्छ्वासाच्या वेळी ते सैल पडत वर येते. गाताना हवा बाहेर जाते ती फुफ्फुसे व छातीचा पिंजरा यांच्या लवचीकपणामुळे आणि पोटाच्या व बरगड्यांमधल्या स्नायूंमुळे. 'डोक्यातला आवाज' आणि 'छातीतला आवाज' यांचेही तसेच. कंप कोठे जाणवतो त्यावरून पडलेली ती नावे आहेत. प्रत्यक्षात पहिल्यात स्वरतंतू ताणले जाऊन पातळ होतात आणि दुसऱ्यात आखूड व जाड राहतात.

वर्गात करून पाहण्यासारखा एक प्रयोग सांगतो. उंच पेल्यात पाणी घ्या. त्यात सरबताची नळी ५ सेंटिमीटर बुडवा आणि हळूच फुंका. बुडबुडे येऊ लागतील त्या क्षणी तोंडात ५ सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका दाब असतो. साध्या बोलण्याला ५ ते १० सेंटिमीटर एवढाच दाब लागतो. फार मोठ्याने गाताना तो २० सेंटिमीटरच्या पुढे जातो. पोट आवळण्याइतका जोर गाण्याला लागत नाही, हे मुलांना या प्रयोगातून बोलण्यापेक्षा लवकर समजते. याच नळीतून बुडबुडे काढता काढता 'ऊ' असा स्वर धरायला सांगा. पाण्याच्या उलट दाबामुळे स्वरतंतू एकमेकांवर कमी जोराने आपटतात आणि आवाज सहज निघतो. अमेरिकेतील स्वरवैज्ञानिक इंगो टिट्झे यांनी नळीच्या या व्यायामामागचे भौतिकशास्त्र उलगडून दाखवले आणि तो गायनशिक्षकांत रुजवला. प्रत्येक मुलाची नळी मात्र स्वतंत्र हवी.

शब्द, श्वास आणि रेव्हरंड टिळक

गाण्याच्या मापात स्वरांबरोबर शब्दही येतात, आणि या बाबतीत कोपरगावकरांना दूर जायला नको. मनमाड-दौंड मार्गाच्या गाडीने पुणतांबे, बेलापूर ओलांडले की राहुरी लागते आणि पुढे नगर (आता अहिल्यानगर). याच नगरात आणि काही वर्षे राहुरीत रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे वास्तव्य होते. त्यांच्यापूर्वी हेन्री बॅलंटाइन यांच्यासारख्या अमेरिकन मिशनऱ्यांनी इंग्रजी गीते मराठीत आणली होती. नगरच्याच कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली होती. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या टिळकांनी १९१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत शेकडो भजने, पदे आणि अभंग रचले. 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातून ती आजही म्हटली जातात. त्याच्याही पूर्वी गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी 'ख्रिस्तपुराणा'साठी ओवीच निवडली होती; ते १६१६ साली छापले गेले.

टिळकांची ही निवड केवळ स्वदेशीच्या अभिमानाची नव्हती, असे आमचे मत आहे. तिला गळ्याचाही आधार आहे. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे आणि चौथ्यात चार. सहा अक्षरांना तीन-चार सेकंद पुरतात, आणि एवढा श्वास कोणत्याही निरोगी मुलाजवळ असतो. चरण संपतो तेथे बहुधा अर्थाचाही एक तुकडा संपतो. म्हणून श्वास घ्यायची जागा शिकवावीच लागत नाही. संथ पाश्चात्य चालीत एकेका सुरावटीला सात-आठ सेकंद लागतात. तिच्यावर मराठी शब्द बसवताना सुरावट संपते एकीकडे आणि शब्द संपतो दुसरीकडे. मग मुले शब्दाच्या मध्येच श्वास घेतात, किंवा श्वास रोखून कसेबसे पुढे रेटतात. ऱ्हस्व अक्षर लांब स्वरावर पडले की अर्थही बदलतो. 'सुत' म्हणजे पुत्र. तो ताणला की 'सूत' होते. 'दिन' ताणला की 'दीन'. इंग्रजीत शब्दाच्या आघाताला महत्त्व, मराठीत अक्षराच्या लांबीला. चाल एकीच्या हिशेबाने बांधलेली आणि शब्द दुसरीचे. भजनातही अक्षर लांबवतात हे खरे, पण कोठे लांबवायचे ते तेथे गाणारा शब्द पाहून ठरवतो. परक्या चालीत ते आधीच ठरून आलेले असते. कुशल अनुवादक यातून वाट काढू शकतो. आम्ही सर्वच अनुवादित गीतांना नावे ठेवत नाही. मात्र गीत निवडताना शब्द कोठे तुटतो आणि श्वास कोठे येतो हे शिक्षकाने एकदा म्हणून पाहावे.

स्पीकरचा प्रश्न

राहता राहिला तो भला मोठा स्पीकर. १९११ साली एतियेन लोम्बार या फ्रेंच वैद्याने दाखवून दिले, की कानावर गोंगाट पडू लागला की माणूस नकळत मोठ्याने बोलू लागतो. जत्रेत किंवा एस.टी. स्टँडवर हा अनुभव सर्वांना येतो. स्पीकरशेजारी उभ्या राहिलेल्या मुलाला ट्रॅक ऐकू येतो, स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. ते ओरडते, आणि आपण बेसूर झालो आहोत हेही त्याला कळत नाही. सूर दुरुस्त करण्यासाठी कानाने गळ्याला बातमी द्यावी लागते. येथे मध्येच ती तार तुटली. उलट, ध्वनिक्षेपक हाताशी असला तर मोठ्याने गाण्याची गरजच उरत नाही. ध्वनिक्षेपकाविना शेकडो श्रोत्यांपुढे उभे राहणाऱ्या जुन्या कीर्तनकाराला आवाज पोचवण्याची विद्या कमवावी लागे. समकालीन गायनशैली ध्वनिक्षेपक गृहीत धरून घडली आहे. त्या शैलीचे गाणे घ्यायचे आणि जोर मात्र कीर्तनकाराचा मागायचा, यात मुलाचा दोन्हीकडून तोटा आहे.

'भाव महत्त्वाचा, सूर नव्हे' असा एक आक्षेप यावर घेतला जाईल. उपासनेच्या संदर्भात तो वजनदार आहे. परंतु भाव महत्त्वाचा असेल तर पट्टी खाली आणायला हरकत कोणती? पाच पट्ट्या खाली आणल्याने भाव उणा होत नाही; गाणारी माणसे मात्र वाढतात. 'मुलांना ट्रॅकशिवाय उत्साह येत नाही' हा दुसरा आक्षेप. त्यावर उपाय सोपा आहे. पूर्वी कॅसेटचा वेग कमी केला तर पट्टी उतरे, पण लयही मंद होई. आता मोबाइलवर लय तशीच ठेवून पट्टी बदलता येते. तंत्रज्ञानाने आणलेली अडचण तंत्रज्ञानानेच दूर होत असेल तर ती करून घ्यावी.

शेवटी शिक्षकमित्रांसाठी काही सूचना. कोणतेही समूहगीत शिकवण्याआधी पेटीवर मुलांचा सुखाने निघणारा सर्वांत खालचा व सर्वांत वरचा स्वर शोधा. तयारीच्या मुलाचा नव्हे, अडखळणाऱ्या मुलांचा. मग गीताचे दोन टोकांचे स्वर पाहा आणि दोन्ही मापे जुळतील अशी पट्टी धरा. जुळत नसतील तर गीत बदला. स्पीकर मुलांच्या मागे वा शेजारी ठेवू नका, सरावात तर ठेवूच नका. कोरड्या थंडीत सरावाआधी आणि मध्ये पाणी प्यायला द्या. आठवी-नववीच्या मुलांचा आवाज फुटत असतो. त्या काळात तो जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. त्यांना हसू नका आणि गप्पही बसवू नका. चार-पाच स्वरांत जेवढे जमेल तेवढे हलक्या आवाजात गाऊ द्या.

आणि एखादे मूल सुरात येतच नसेल तर त्याला मागे उभे करण्यापूर्वी किमान तीनदा पट्टी बदलून पाहा. तिसऱ्या पट्टीतही ते गायले नाही तर चौथी आहेच. पेटीवर एका सप्तकात बारा पट्ट्या असतात.